पंधरा दिवसांतून एक पेला

काहीही न करण्याचं काम ज्याच्यावर सोपवलेलं असतं, त्याच्याइतका दमलेला माणूस दुसरा नसतो. हे मी ऐकीव सांगत नाही. चार महिने मी ते काम केलं. त्या चार महिन्यांत माझं वजन साडेपाच किलोनं उतरलं, बाल्कनीतल्या दोन फरशा फुटल्या, खालच्या मजल्याशी माझं बिनसलं आणि एका सरकारी कचेरीत एका कुंडीचं क्षेत्रफळ मला हेक्टरमध्ये लिहून द्यावं लागलं.

झाड ताईचं होतं. ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. म्हणजे शाळेनं तिला निवृत्त केलं. मुख्याध्यापिका ती अजून आहे. आई लवकर गेली, तेव्हा मला न्हाऊ-माखू घालण्यापासून पाढे घोकून घेण्यापर्यंत सगळं तिनं केलं. बावन्नाव्या वर्षीही तिच्यासमोर उभा राहिलो की माझे हात आपोआप मागे जातात.

तर ताईच्या हृदयाची एक झडप नीट मिटेनाशी झाली. "दार नीट लागत नाही, एवढंच आहे," ती म्हणाली, जणू सुताराला बोलावायचं होतं. ऑपरेशन माझ्या भाचीच्या गावी होणार होतं, आणि त्यानंतर चार महिने तिथेच विश्रांती. निघायच्या आदल्या दिवशी तिनं मला बोलावून घेतलं. मला वाटलं, काही निरवानिरव सांगते की काय. तिनं खिडकीतल्या कुंडीकडे बोट दाखवलं.

"हे तुझ्याकडे ठेवते आहे."

"माझ्याकडे? ताई, मला झाडातलं काही कळत नाही."

"म्हणूनच. सगळ्यांचा विचार करून झाला माझा. समोरची शेजारीण फार प्रेमळ आहे, ती आठवड्यात मारून टाकील. वरच्या मजल्यावरच्यांना बागकामाची आवड आहे, म्हणजे तेही बाद. याला फक्त एकटं सोडावं लागतं. तुला काही न करता बसायची चांगली सवय आहे."

मी सत्तावीस वर्षं आवक-जावक विभागात काम करतो. हे वाक्य मला लागलं. पण दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला निघालेल्या बहिणीशी वाद घालणं शोभलं नसतं, म्हणून मी अपमान गिळला आणि कुंडी उचलली.

झाड कसलं, झुडूपच ते. गुडघ्याएवढं, गोल, आणि रंगानं चक्क राखेसारखं. पानांवर बारीक लव, त्यामुळे उन्हात ती चांदीची वाटायची आणि सावलीत आजारी. घराणं शेवंतीचं नि सूर्यफुलाचं, म्हणून लांब दांड्यांवर पिवळीधमक फुलं यायची. पण नातेवाइकांचा तोरा नाही. कोरड्या माळावर, दगडगोट्यांत वाढणारी जात. कुंडीतही मातीपेक्षा खडीच जास्त होती. ताईचे यजमान गेले त्या वर्षी तिनं ते बी पेरून वाढवलं होतं. त्याच्याशी ती बोलत वगैरे नसे. पण सकाळचा चहा ती त्याच्याशेजारी बसूनच घ्यायची, एवढं मला ठाऊक होतं.

कुंडीबरोबर तिनं एक कार्ड दिलं. फळ्यावर लिहावं तशा टपोऱ्या अक्षरांत त्यावर तीन ओळी होत्या.

"१. भरपूर ऊन. २. पंधरा दिवसांतून एक पेला पाणी. ३. बाकी काहीही करू नये."

तिसऱ्या ओळीखाली दोन रेघा होत्या.

"मी परत येईन तेव्हा हे असंच्या असं मला हवं," ती म्हणाली. मग जरा थांबून, दुसरीकडे बघत, "आणि मी परत येणार आहे."

आता सांगून टाकतो. त्या क्षणी माझ्या डोक्यात जे शिरलं ते चार महिने निघालं नाही. हे झाड जगलं तर ताई जगेल, असं मला वाटलं. मी अंधश्रद्ध माणूस नाही; मांजर आडवं गेलं तर मी फक्त चाल जरा हळू करतो. पण हे वाटलं ते वाटलं. कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

आणि मग घरी पोहोचायच्या आतच मी त्याची एक फांदी मोडली.

या जातीची खोडं फार ठिसूळ असतात, हे कार्डावर लिहिलेलं नव्हतं. टॅक्सीचं दार लावलं, कट्‌ असा आवाज झाला आणि वीतभर फांदी माझ्या मांडीवर पडली. टॅक्सीवाल्यानं आरशातून पाहिलं. "मोडली की हो," तो म्हणाला. मी म्हटलं, "असू दे, ती मोडायचीच होती." का म्हटलं, देव जाणे.

मी आठ वर्षांचा असताना ताईचं शाईचं पेन मोडलं होतं आणि बुटांच्या खोक्यात लपवलं होतं. तिनं ते एका तासात शोधून काढलं. मला मारलं नाही, नुसतं विचारलं, "कुठल्या खोक्यात आहे?" तेव्हापासून माझी समजूत आहे की मोडलेली वस्तू कचऱ्याच्या डब्यात सापडते, खोक्यात सापडते, सगळीकडे सापडते. म्हणून फांदी मी ऑफिसच्या पिशवीत सरकवली आणि कुंडी दारात ठेवून "टाकीत पाणी किती आहे बघून येतो" असं सांगत थेट गच्चीवर गेलो. तिथे रंगाचा एक रिकामा डबा होता, तळाला गंजून भोकं पडलेला, आत बांधकामाची उरलेली वाळू. फांदी त्यात खोचली, टाकीच्या मागे, कोणाला दिसणार नाही अशी, भिंत आणि टाकी यांच्या फटीत डबा सरकवला. तिथे दुपारचं कडक ऊन यायचं, पण मला उन्हाचं काय, नजरेआड झाल्याशी मतलब. खाली आलो. बायकोनं विचारलं, "किती आहे पाणी?" मी म्हटलं, "आहे."

कुंडी बाल्कनीत मांडली. बायको कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"वाळलंय का हो हे?"

"नाही. ते असंच असतं."

"बैराग्यासारखं दिसतंय. अंगाला राख फासलेलं." तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव बैरागी पडलं.

सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांचं वय चौऱ्याहत्तर, जीव मऊ, कान तिखट. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं आणि खुर्चीत टेकल्या. "पंधरा दिवसांतून एक पेला? जावईबापू, अहो, कैद्यालासुद्धा रोज देतात!"

"आई, ताईचा हुकूम आहे."

"हुकूम असेल. पण घरात एक जीव तहानलेला ठेवून आपण पाणी प्यायचं?" असं म्हणून त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला. त्या दिवशी मलाही पाणी प्यायला चोरट्यासारखं वाटलं.

बातमी खालच्या मजल्यापर्यंत गेली. तिथे एक निवृत्त अभियंता राहतात. आख्खी इमारत त्यांना सल्लागार म्हणते, कारण ते न मागता सल्ला देतात आणि मागितला तर दोन देतात. टाकीचा पंप चालू-बंद करायचं काम इमारतीनं त्यांच्याकडे दिलं आहे. चालू ते न चुकता करतात. बंद करायचं महिन्यातून एकदोनदा विसरतात, मग टाकी वाहते आणि सगळे गच्चीकडे बघून ओरडतात. ते रोज संध्याकाळी आमच्याकडे पेपर वाचायला येतात. पेपर आमचा, मतं त्यांची.

"हे झाड नायट्रोजन मागतंय," पहिल्याच दिवशी ते म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"चेहऱ्यावरून."

ऑपरेशन मंगळवारी झालं. त्या दिवशी ऑफिसात मी एक पत्र आवक रजिस्टरला नोंदवलं, जावकलाही नोंदवलं आणि परत आवकला नोंदवलं. पत्र एकच होतं. दुपारी भाचीचा फोन आला, "मामा, झालं नीट." मी स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं. घरी आल्यावर बैराग्यासमोर उभा राहिलो. त्याला दोन फुलं होती. वाटलं, यानं शब्द पाळला, आपणही काहीतरी केलं पाहिजे. करायचं तर काहीच नव्हतं. तेव्हा मी, बेत नसताना, माझ्या हातातल्या ग्लासातलं घोटभर पाणी त्याच्या बुंध्याशी ओतलं. एकच घोट. कार्डाला काय कळतंय!

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एक घोट. मग ते रोजचं झालं.

ताई दर रविवारी फोन करायची. आवाज बारीक झाला होता, पण धार तीच.

"मी ठणठणीत आहे. झाड कसं आहे?"

"ठणठणीत."

"काही करत नाहीस ना?"

"छे. मी तर नुसता बसलेला असतो."

"शाब्बास."

पहिला महिना असा गेला. दुसऱ्या महिन्यात बैराग्याची खालची पानं पिवळी पडली. मग मधली झुकली. शेंडे असे खाली वाकले की सासूबाईंना बाल्कनीकडे पाठ करून बसावं लागायचं. "तहानेनं मान टाकली हो त्यानं," त्या म्हणायच्या. बायको काही म्हणत नव्हती, पण भांडी जोरात घासत होती. मी माझा एक घोट दोन घोटांवर नेला. तरी ते सुधारेना. उलट जितकं पाणी द्यावं तितकं ते अधिक तहानलेलं दिसायचं.

त्याच आठवड्यात सल्लागार पेपर न वाचताच वर आले. त्यांच्या दिवाणखान्याच्या छताला, आमच्या बाल्कनीच्या बरोब्बर खाली, ओलीचा डाग पडला होता.

"तुमचा पाइप गळतोय."

"बाल्कनीत पाइपच नाही."

"मग तो नसलेला पाइप गळतोय. माझी छत्तीस वर्षं या कामात गेली."

प्लंबर आला. त्यानं फरशांवर टकटक करून ऐकलं, डॉक्टर छातीवर बोटं आपटतात तसं, आणि दोन फरशा फोडल्या. खाली ओल होती, गळती नव्हती. "पाणी येतंय खरं, पण कुठून येतंय ते काही समजत नाही," तो म्हणाला. बायकोनं त्याला पाणी दिलं. तो अर्धा ग्लास प्यायला, आणि उरलेला अर्धा त्यानं जाता जाता बैराग्याच्या कुंडीत ओतला. "सुकलंय बिचारं," तो म्हणाला. ते बघूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी फक्त मनात म्हटलं, चला, परकी माणसंसुद्धा दयाळू असतात.

आणि मग त्या रविवारी ताईचा फोन आला नाही. मी केला तर भाचीनं उचलला.

"आई झोपली आहे, मामा."

"आत्ता? सकाळी दहाला?"

"हो. जरा थकवा आहे. बाकी ठणठणीत आहे."

पुढच्या रविवारीही आई झोपली होती. मुख्याध्यापिका दहा वाजता झोपत नाहीत. मी फोन ठेवला आणि बाल्कनीत गेलो. बैराग्याचं वरचं एक पान माझ्यादेखत गळून पडलं. बायको विचारत होती, काय झालं, काय म्हणाली, आणि मी नुसता म्हणत होतो, "पान पडलं, पान पडलं." तिला वाटलं मला चक्कर आली. तिनं माझ्या तोंडावर पाणी मारलं. त्यातलं निम्मं कुंडीत गेलं.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी सरकारी वनस्पती-रोग सल्ला केंद्रात गेलो. तिथला कारकून माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच चष्मा, माझ्यासारखीच खुर्चीवर गादी.

"पिकाचं नाव?"

"पीक नाही. शोभेचं झुडूप आहे."

"मग उद्यान विभाग. दुसरा मजला."

दुसऱ्या मजल्यावर म्हणाले, कुंडीत असेल तर ते उद्यान होत नाही, घरगुती सामान होतं. पुन्हा पहिला मजला. कारकुनानं मोठ्या मनानं पिकाच्या रकान्यात "इतर" लिहिलं.

"क्षेत्र?"

"एक कुंडी."

"हेक्टरमध्ये सांगा."

मी अंदाजानं शून्यं मांडत गेलो. सातव्या शून्यानंतर रकाना संपला. त्यानं सही करायला सांगितलं, मग हात वर केला.

"झाड तुमचं?"

"बहिणीचं."

"मग मालकाचं संमतीपत्र लागेल. सही आणि आजाराची माहिती असल्याचं निवेदन."

"अहो, तिला कळू द्यायचं नाही म्हणून तर मी इथे आलोय!"

"तो तुमचा खासगी प्रश्न झाला. आणि झाड सोबत आणायचं. झाड पाहिल्याशिवाय सल्ला देत नाही."

"उद्या आणतो."

"रोगट झाड इमारतीत आणायला मनाई आहे. ती पाटी बघा."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. सत्तावीस वर्षं मीच ती लोकांकडे टाकत आलो आहे, पण समोरून कशी दिसते ते त्या दिवशी कळलं. मी कागद गोळा करून उठलो. तोंड अगदीच पडलं असावं माझं, कारण तो एकदम माणसासारखा बोलला.

"बहीण आजारी आहे का तुमची?"

मी मान हलवली.

"मग असं करा, कचेरीचा सल्ला म्हणून नाही, माझा म्हणून सांगतो. पाणी चुकवू नका. पाण्यानं निम्मे रोग जातात."

मी घरी आलो आणि बैराग्याला तांब्याभर पाणी घातलं.

आठवडाभरात त्याची निम्मी पानं गेली. आता मात्र मला संशय आला, की हे नैसर्गिक नाही, यामागे कोणीतरी आहे. माझ्या स्वतःबद्दल मला संशय नव्हता. मी तर प्रेमानं घालत होतो. शुक्रवारी मी किरकोळ रजा काढली, सगळ्यांना ऑफिसला जातो म्हणून सांगितलं, जिना उतरून परत वर आलो आणि बाल्कनीच्या पडद्यामागे स्टूल टाकून बसलो. पडदा नाकाला लागत होता. शिंक आली की मी ताईचं नाव घेत होतो.

साडेआठला बायको आली. इकडेतिकडे पाहून तिनं पदराखालून भांडं काढलं आणि कुंडीत रिकामं केलं. "घे बाबा," ती हळूच म्हणाली, "आणि तिकडे सांभाळ त्यांना." मी स्टुलावर थिजलो. म्हणजे झाडाचं आणि ताईचं हे जे नातं मी एकट्यानं जुळवलं होतं, ते हिनंही जुळवलेलं होतं, आणि आम्ही एकमेकांना बोललो नव्हतो.

दुपारी सासूबाई गोळी घ्यायला ग्लास घेऊन आल्या. गोळीबरोबर एक घोट त्यांनी घेतला, बाकी ग्लास बैराग्याला पाजला. संध्याकाळी सल्लागार पेपर वाचत बसले. बायकोनं नेहमीप्रमाणे पाणी आणून ठेवलं. ती आत वळताच सल्लागार उठले, बाल्कनीत आले, आणि ग्लास पालथा केला. स्वतःच्या छतावर! छत्तीस वर्षांच्या अनुभवासकट!

मी पडदा बाजूला सारून उडी मारली. "पकडलं!"

सल्लागारांच्या हातातून ग्लास सुटला. बायको धावत आली, मागून सासूबाई. मी सगळ्यांवर बोट रोखून, कधी नव्हे तो गरजलो. "तर तुम्ही आहात! तुम्ही सगळे! कार्ड कोणी वाचलं की नाही? माझ्या बहिणीचं झाड बुडवून मारलंत!"

बायको शांतपणे माझ्याकडे बघत होती. "अहो," ती म्हणाली, "तुमच्या हातात काय आहे?"

माझ्या हातात पाण्याचा ग्लास होता. संध्याकाळची माझी वेळ झाली होती, आणि पडद्यामागे बसताना मी तो बरोबर घेऊनच बसलो होतो.

मी तो खाली ठेवला. आम्ही चौघं त्या कुंडीभोवती खाली बसलो आणि एकेकानं आपापला कबुलीजबाब दिला. दिवसाला सहा ग्लास निघाले, प्लंबर वेगळा. बायकोनं बुंधा धरून हलकेच ओढलं आणि तो सरळ वर आला. मुळं काळी, मऊ झालेली, त्यांना वास येत होता.

"मला वाटायचं, मी एकटाच घालतोय," सल्लागार खालच्या मानेनं म्हणाले. "तुमच्या ताई मला शाळेत गणिताला होत्या."

"शक्यच नाही. तुम्ही तिच्यापेक्षा मोठे आहात."

"माझ्या मुलाला होत्या. तेच ते."

खरं सांगायचं तर त्या चार महिन्यांत आमच्यापैकी कोणालाच ताईसाठी काही करता येत नव्हतं. ती तिकडे, आम्ही इकडे. हाताशी होतं ते फक्त हे झाड. मला रडू आलं. सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि सवयीनं म्हणाल्या, "पाणी आणू का थोडं?"

रिकामी कुंडी मी बाल्कनीतच ठेवली. टाकवेना. ताईचे फोन पुढच्या रविवारपासून पुन्हा सुरू झाले. "मी ठणठणीत. झाड?" "ठणठणीत." आता खोटं बोलताना माझा आवाज इतका गोड व्हायचा की मलाच शिसारी यायची.

चार महिने पुरे व्हायला तीन दिवस असताना, न कळवता, ताई आली. भाचीनं दारात आणून सोडलं आणि ती गाडी लावायला खाली गेली. ताई निम्मी झाली होती. हातात काठी. मनगट तर मुठीत मावेल एवढं. मी वाकलो, उठलो, आणि काय करावं ते न कळून पुन्हा वाकलो.

"सरळ उभा राहा," ती म्हणाली आणि सरळ बाल्कनीत गेली.

तिनं कुंडीत पाहिलं. मी तिच्या मागे उभा होतो, हात मागे. माझ्यामागे बायको, तिच्यामागे सासूबाई, आणि पेपर घेऊन सल्लागार. पाचवीचा वर्ग बाहेर उभा केल्यासारखे.

"ताई, ते गेलं. आम्ही सगळ्यांनी मिळून पाणी घालून मारलं. मी तुला फोनवर खोटं सांगत होतो. दर रविवारी." मी फरशीकडे बघत म्हटलं, "तू परत येणार नाहीस असं वाटायचं गं मला."

ती वळली नाही.

"मीही खोटंच सांगत होते," ती म्हणाली. "ते दोन रविवार मी झोपले नव्हते. पुन्हा दवाखान्यात होते. फुप्फुसात पाणी साठलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू धावत आला असतास आणि डॉक्टरांना सल्ले दिले असतेस."

मग ती काठीवर रेलून माझ्याकडे वळली. पेनाच्या वेळची तीच नजर.

"हे झाड ठिसूळ असतं. टॅक्सीतून नेताना एखादी फांदी मोडल्याशिवाय राहत नाही. तुझी मोडली होती ना? कुठल्या खोक्यात आहे?"

चार महिन्यांत मला त्या फांदीची एकदाही आठवण झाली नव्हती. मी जिन्याकडे धावलो. टाकीच्या मागे हात घातला, डबा ओढला, आणि तिथेच गच्चीवर बसकण मारली. वीतभर फांदीची हातभर झाली होती. राखाडी, टणटणीत, डब्याच्या भोकांतून मुळं बाहेर डोकावत होती, आणि वर दोन पिवळी फुलं. वाळूला हात लावला तर कोरडी ठाक. चार महिन्यांत तिला पाणी मिळालं असेल तर ते सल्लागार पंप बंद करायला विसरले तेवढंच, महिन्यातून एकदोनदा. म्हणजे कार्डाबरहुकूम.

डबा मी दोन्ही हातांनी छातीशी धरून खाली आणला. ताई खुर्चीत बसली होती. मी तो तिच्या मांडीवर ठेवला. तिनं एका पानावरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा जरा हलला, तेवढ्यात सल्लागार म्हणाले, "पाहिलंत? माझ्या पंपामुळे."

आणि मग जे व्हायचं तेच झालं. सासूबाई सरबताचा पेला घेऊन आल्या, "प्रवासानं शोष पडला असेल." बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. सल्लागार म्हणाले, अशक्तपणावर गरम दूध, दोन पेले. मी मोसंबीचा रस काढायला आत धावतच होतो.

"थांबा," ताई म्हणाली.

सगळे जागच्या जागी थांबले. तिनं पिशवीतून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. अक्षरं टपोरी होती, पण जरा थरथरलेली.

"डॉक्टरांचं मी माझ्या शब्दांत उतरवून घेतलं आहे," ती म्हणाली. "महिनाभर तुझ्याकडे राहणार आहे. मोठ्यानं वाच."

मी वाचलं.

"१. सकाळचं ऊन. २. दिवसाला पाच पेले पाणी, मोजून. ३. बाकी काहीही करू नये."

तिसऱ्या ओळीखाली दोन रेघा होत्या. मी मान वर केली. ताई माझ्याकडेच बघत होती.

"या वेळी जमेल का?" तिनं विचारलं.

मी सासूबाईंच्या हातातला पेला घेतला, बायकोच्या हातातला तांब्या घेतला, आणि दोन्ही आत नेऊन ठेवले. मग बाहेर येऊन ताईच्या शेजारी स्टूल टाकलं आणि काहीही न करता बसलो.